धरण सुरक्षित आहे, मग घराचं काय?

(पारनेर येथील व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची वळणं शक्यतो तशीच ठेवली आहेत. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं आहेत.)

वेळ कमी आहे, म्हणून प्रस्तावना नको.

आपल्याकडे भर दुपारी खिडकीची तावदानं खडखडली की पारावर तीन मतं तयारच असतात. एकजण म्हणतो, के. के. रेंजवर तोफा चालू असतील. दुसरा म्हणतो, विमान गेलं, सुखोई असणार. तिसरा जरा गंभीर चेहऱ्याने सांगतो, धरणाचं पाणी खाली झिरपत झिरपत लाव्हापर्यंत गेलं, आता काही खरं नाही. (हशा) हसू नका, पहिली दोन मतं बऱ्याचदा बरोबर असतात. तिसऱ्यात लाव्हा चुकीचा आहे, पण पाणी अगदीच चुकीचं नाही. त्याकडे येतोच.

मला मात्र आज चौथ्या मताबद्दल बोलायचं आहे. ते दुसऱ्या दिवशीच्या पेपरात येतं. "धक्का सौम्य होता, नागरिकांनी घाबरून जाऊ नये, धरण सुरक्षित आहे." कोयनेपासून पालघरपर्यंत कुठेही जमीन हलली की हेच वाक्य थोड्याफार फरकाने छापून येतं. यात खोटं काही नसतं. तरी माझ्या मते भूकंपाच्या धोक्याचं आपलं सगळं मूल्यमापन जिथे चुकतं, ती जागा नेमकी या वाक्यात आहे. म्हणून आज या एका वाक्याची चिरफाड करू.

शेवटून सुरुवात करतो. "धरण सुरक्षित आहे."

11 डिसेंबर 1967, पहाटे 4 वाजून 21 मिनिटं. कोयनानगर. 6.3 क्षमतेचा भूकंप. सुमारे 180 माणसं गेली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली. आता दोन आकडे शेजारी ठेवून बघा. कोयना धरणाचा आराखडा करताना भूकंपाचा आडवा जोर गुरुत्वाकर्षणाच्या 5 टक्के धरला होता. त्या पहाटे धरणाच्या आतल्या यंत्राने धरणाच्या लांबीच्या दिशेने नोंदवलेला कमाल त्वरण होता 63 टक्के, आणि प्रवाहाच्या दिशेने 49 टक्के. 5 कुठे आणि 63 कुठे! इंजिनिअर मंडळी लगेच सांगतील की आराखड्यातला गुणांक आणि क्षणभराचं कमाल त्वरण यांची अशी सरळ तुलना करता येत नाही. मान्य. तरीसुद्धा अंदाज केवढा तोकडा होता हे कळायला एवढं पुरे आहे.

आणि धरण टिकलं. भेगा पडल्या, जिथे धरणाच्या भिंतीचा उतार वरच्या भागात बदलतो त्या उंचीवर, दोन्ही अंगांना. नंतर मागून आधाराचे काँक्रीटचे जाडजूड खांब देऊन ते बळकट केलं. म्हणजे 1967 सालीसुद्धा दुसऱ्या दिवशी कोणी "धरण सुरक्षित आहे" असं म्हटलं असतं, तर ते बव्हंशी खरंच ठरलं असतं. माणसं धरण फुटून मेली नाहीत. ती आपापल्या घरात, झोपेत, भिंतीखाली गेली.

माझा आक्षेप तुमच्या लक्षात आला असेल. धरणाच्या परिसरातला भूकंप म्हटलं की आपली सगळी काळजी, सगळी यंत्रं, सगळी निवेदनं धरणाभोवती फिरतात. धरणाला मालक आहे, विभाग आहे, त्यासाठी कायदा आहे. माळवदाला कोण आहे?

आता थोडं पाण्याबद्दल. धरणामुळे भूकंप होतो का? अमेरिकेत हूवर धरणाच्या मागे लेक मीड भरायला लागला आणि 1930 च्या दशकात तिथे धक्के मोजले गेले. ही शंका शास्त्राच्या दारात पहिल्यांदा तिथे आली. मग 1960 च्या दशकात ओळीने चीनमधलं शिनफेंगच्यांग, आफ्रिकेतलं करिबा, ग्रीसमधलं क्रेमास्ता, आणि सगळ्यांत मोठा दणका आपल्या कोयनेचा. जगातला धरणाशी जोडलेला सर्वांत मोठा भूकंप म्हणून आजही कोयनेचंच नाव घेतात. इथे जरा विषयांतर करतो. पारनेर आणि धरण हे शब्द एकत्र आले की आपल्याला सेनापती बापट आठवतात, मुळशीचा सत्याग्रह आठवतो. 1921 साली मुळशीला जे भांडण झालं ते जमिनीसाठी, गावांसाठी. पाणी साठवल्याने जमीन हलू शकते ही कल्पनाच तेव्हा कुठे नव्हती. म्हणजे धरणाची खरी किंमत काय, हा हिशेब तेव्हापासून वाढतच चालला आहे.

यंत्रणा काय आहे? ती पारनेरकरांना सांगणं सोपं आहे. पाझर तलाव काय असतो ते तुम्हाला पुस्तकातून शिकवायला नको. राळेगणला 1975 नंतर जे झालं ते तुमच्या डोळ्यांसमोर झालं. तलाव श्रावणात भरतो आणि खालच्या अंगाच्या विहिरीला पाणी कधी चढतं? कधी पंधरा दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. खडकात भेग कुठे आहे, मुरूम किती आहे यावर ते ठरतं. मोठ्या धरणातही तेच, फक्त खोली जास्त. पाण्याचं वजन लगेच जाणवतं. पाण्याचा दाब मात्र भेगांमधून हळूहळू खाली सरकतो, आणि पाच-सात किलोमीटर खोलवर आधीच ताणलेली एखादी जुनी भेग असेल तर तिची पकड थोडी ढिली करतो. थोडीच. शंभर मीटर पाण्याचा दाब म्हणजे सुमारे 10 वातावरणांएवढा. एवढ्याने डोंगर हलत नाही. हलणार असलेला डोंगर आज हलतो की पन्नास वर्षांनी, एवढाच फरक त्याने पडतो. म्हणून धरणाने भूकंप "घडवला" असं शास्त्रज्ञ म्हणत नाहीत, "चालना दिली" म्हणतात. शब्द सौम्य आहे, पण नेमका आहे.

हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोयनेच्या नोंदींवरून 1970 च्या दशकात तीन गोष्टी दाखवल्या. पाणी किती वेगाने चढतं, किती उंचीपर्यंत चढतं, आणि त्या उंचीवर किती दिवस राहतं. जलाशय 1962 पासून भरू लागला, पुढच्या वर्षापासून धक्के जाणवू लागले. 1967 साली पाणी वरच्या पातळीवर जास्त दिवस टिकलं. सप्टेंबरमध्ये पाचच्या वरचा एक धक्का बसला आणि डिसेंबरात मोठा. पुढे 1985 मध्ये शेजारचं वारणा भरलं आणि धक्क्यांचं क्षेत्र दक्षिणेकडे सरकलं. आजवर तिथे पाचपेक्षा मोठे वीसहून अधिक भूकंप झाले, आणि सगळे जेमतेम 20 बाय 30 किलोमीटरच्या पट्ट्यात. आता कराडच्या प्रयोगशाळेने त्या पट्ट्यात 3 किलोमीटर खोल भोक पाडून पाहिलं आहे. वर सव्वा किलोमीटरच्या आसपास आपला काळा बसाल्ट आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा जुना खडक. लाव्हा नाही. (हशा) तिसऱ्या मतवाल्यांनी नोंद घ्यावी.

मग प्रत्येक धरण कोयना का होत नाही? आपल्याच जिल्ह्यातलं भंडारदरा घ्या. 1926 साली पूर्ण झालं, 82 मीटर उंच, शंभर वर्षं होत आली. कोयनेसारखं तिथे काही झालेलं नाही. शहापूरच्या भातसाला 1983 मध्ये पाचच्या जवळ जाणारा धक्का बसला. एक गप्प, एक बोलकं. फरक पाण्यात नाही, खालच्या भेगेत आहे. आणि ती भेग आपल्याला दिसत नाही, कारण सगळ्या दख्खनवर बसाल्टची गोधडी पांघरलेली आहे. निघोजला रांजणखळगे बघायला जाता ना? कुकडीने कोरलेला तो खडक म्हणजे त्या गोधडीचा वरचा पदर. खाली काय आहे ते निघोजला उभं राहून कोणाला सांगता येणार नाही.

आता वाक्याचा मधला भाग. "घाबरून जाऊ नये." याच्यामागे नकाशा असतो. हा भाग कमी धोक्याच्या क्षेत्रात येतो, असं आपण ऐकतो. या नकाशाचा इतिहास सांगतो, म्हणजे त्यावर विश्वास किती ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. 1967 च्या आधी कोयनेचा भाग देशातल्या सर्वांत कमी धोक्याच्या प्रदेशांत धरला जायचा. भूकंप झाला आणि 1970 च्या नकाशात कोयना उडी मारून चौथ्या क्षेत्रात गेली. त्याच नकाशात किल्लारी पहिल्या, म्हणजे सर्वांत सुरक्षित क्षेत्रात होती. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारी झालं. 2002 च्या नकाशात किल्लारी तिसऱ्या क्षेत्रात गेली आणि पहिलं क्षेत्रच काढून टाकलं. म्हणजे हा नकाशा भूकंपाच्या पुढे चालत नाही, मागून येतो. पंचनामा करायला आलेल्या तलाठ्यासारखा. पंचनामा लागतोच, मी नाही म्हणत नाही. पण पंचनाम्याला कोणी हवामान अंदाज म्हणत नाही.

त्या नकाशात पुणे आणि नाशिक तिसऱ्या क्षेत्रात, औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, दुसऱ्यात. आपण दोघांच्या मध्ये. दुसऱ्या क्षेत्राचा गुणांक 0.10, तिसऱ्याचा 0.16. कागदावर एका बांधावरून पलीकडे उडी मारली की जोर दीडपटीहून जास्त होतो. जमिनीखाली असा बांध कोणी घातलेला नाही. नकाशा काढणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं, कुठेतरी रेष काढावी लागते. चूक होते ती त्या रेषेच्या अलीकडे उभं राहून "आपण बचावलो" म्हणणाऱ्यांची.

राहिला "सौम्य". सौम्य धक्का म्हणजे यंत्रावर आकडा लहान. इथपर्यंत ठीक. पण त्याला जोडून एक समजूत येते, अगदी शिकलेल्या लोकांच्या तोंडी. "छोटे धक्के बसतात ते बरंच आहे, ऊर्जा निघून जाते." हिशेब करू. क्षमतेचा आकडा एकाने वाढला की ऊर्जा सुमारे 32 पट होते. दोनने वाढला की हजार पट. कोयनेच्या 6.3 एवढी ऊर्जा 4.3 च्या धक्क्यांनी बाहेर काढायची तर असे एक हजार धक्के लागतील. 3.3 चे घेतले तर तीसेक हजार. कुकरची शिटी वाजली म्हणून गॅस संपत नाही, तसंच हे.

आणि छोट्या धक्क्यांचा उलटा अर्थही काढता येत नाही, हेही सांगितलं पाहिजे. किल्लारीत 1992 च्या ऑक्टोबरपासून धक्के जाणवत होते. लोक घाबरले होते, वर्षभरात शांत झाले, आणि मग ती पहाट आली. पालघरमध्ये डहाणू-तलासरीच्या बाजूला 2018 च्या नोव्हेंबरपासून हजारो धक्के मोजले गेले, मोठ्यातला मोठा चारच्या आसपास. मोठं संकट आलं नाही. सुरुवात दोन्हीकडे सारखी, शेवट वेगळा. त्यामुळे धक्का बसल्यावर "आता मोठा येणार" म्हणणारा आणि "आता काही होणार नाही" म्हणणारा, दोघेही ठाऊक नसलेलं बोलतात. दुसऱ्याच्या हातात माइक असतो, एवढाच फरक.

आपल्या शेजारी, संगमनेरच्या पठारावर घारगाव-बोरबनच्या बाजूला 2018 मध्ये असेच सौम्य धक्के जाणवले होते. नाशिकच्या मेरीने त्यांची नोंद घेतली. लोकांचा पहिला प्रश्न होता, हे धरणामुळे का? या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर द्यायला काय लागतं ते बघा. भूकंपात पहिली लहर येते, मग दुसरी, जास्त हलवणारी. दोन्हींमधल्या सेकंदांना साधारण 8 ने गुणलं की अंतर मिळतं. दोन सेकंदांचा फरक, म्हणजे 16 किलोमीटर. पण कुठल्या दिशेला 16? एका यंत्राला ते कळत नाही. तुमच्या हातात फक्त एक वर्तुळ येतं. त्या वर्तुळावर जलाशयही असतो, डोंगरही असतो आणि एखादं गावही असतं. जागा ठरवायला किमान तीन यंत्रं लागतात, आणि खोली ठरवायची तर त्यातलं एखादं अगदी जवळ हवं. मग ती जागा, ती खोली आणि त्या आठवड्यांची धरणाची पाणीपातळी एका कागदावर ठेवायची. हे केल्याशिवाय "धरणामुळेच" म्हणणं जेवढं बेजबाबदार, तेवढंच "धरणाचा संबंध नाही" म्हणणं.

2021 च्या धरण सुरक्षा कायद्यात 30 मीटर किंवा त्याहून उंच धरणांवर भूकंपमापन केंद्र असावं, अशी तरतूद आहे. चांगली तरतूद आहे. आपल्या आसपास भंडारदरा आहे, निळवंडे आहे, मुळा आहे, माणिकडोह-डिंभे आहेत. पाण्याच्या पातळीचे आकडे पावसाळ्यात रोज पेपरात येतात, पोरंसोरंही टीएमसीत बोलतात. धक्क्यांचा आकडा मात्र माणसाला जाणवला तरच छापून येतो. कोयनेचं सगळं शास्त्र उभं राहिलं ते पाणी आणि धक्के एका आलेखावर ठेवल्यामुळे. तो आलेख आपल्या खोऱ्यांसाठी कुठल्याही ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मी पाहिलेला नाही. तुम्ही पाहिला असेल तर मला जरूर सांगा, मी माझं हे वाक्य मागे घेईन.

आता घर. किल्लारीला मी भूकंपानंतर गेलो होतो. जे बघितलं ते सांगत बसत नाही. पण भिंती बघितल्या. दोन-अडीच फूट रुंद, बाहेरून घडीव दगड, आतून घडीव दगड, आणि मधे दगडगोटे नि चिखल. बाहेरची पाळ आणि आतली पाळ यांना एकत्र धरणारा आरपार दगड कुठेच नाही. हलल्यावर दोन्ही पाळ्या दोन दिशांना फुगल्या आणि फुटल्या. वर माळवद. दरवर्षी पावसाळ्याआधी गळती थांबवायला पांढरीचा नवा थर द्यायचा, जुना काढायचा नाही. आजोबांनी टाकलेली माती नातवाच्या डोक्यावर. आणि त्याच गावात काही ठिकाणी, जिथे छत सागवानी खांब-तुळयांच्या खणांवर स्वतंत्र बसलेलं होतं, तिथे भिंती पडल्या पण छत उभं राहिलं आणि आतली माणसं वाचली. धरणाचा तिथे संबंध होता की नव्हता यावर वाद झाले. निम्न तेरणा जवळ असल्याने ते होणारच. त्या वादाचा निकाल कसाही लागला असता, तरी भिंत तीच होती.

अशी घरं पारनेर तालुक्यात किती आहेत? गावठाणात फिरा, मोजा. पत्र्याची झाली बरीच, स्लॅब झाले. पण जुनी भिंत तशीच ठेवून तिच्यावर स्लॅब टाकलेली घरंही आहेत, आणि मला सर्वांत जास्त भीती त्यांचीच वाटते. चिखलातल्या भिंतीवर काँक्रीटचं ओझं. गुणांक 0.10 घ्या नाहीतर 0.16, ते घर दोन्हींत नापास आहे. जिल्ह्याचं आपत्ती व्यवस्थापन म्हणून मूल्यमापन करायचं तर मी तिथून सुरू करेन. गावागावात गवंडी घेऊन जायचं आणि विचारायचं, ही भिंत कशात बांधली आहे, वर किती माती आहे, कोपरे एकमेकांना धरून आहेत का? याला उपग्रह लागत नाही.

प्रश्नांसाठी थांबतो.

प्रश्न (एक शेतकरी): सर, आमच्या शिवारात चार पाझर तलाव आहेत आणि वर मांडओहोळ. मग आम्ही पाणी अडवलं ते चुकलं का? यांच्याने भूकंप येईल का?

उत्तर: नाही दादा, ती काळजी सोडा. तुमचा तलाव सहा मीटर खोल असेल तर तळाशी दाब अर्ध्या वातावरणाच्या आसपास. जगात ज्या धरणांकडे बोट दाखवलं जातं त्यातली बहुतेक शंभर मीटरच्या आसपासची किंवा त्याहून उंच आहेत, आणि पाणीही अफाट. पावसाळ्यानंतर उथळ खडकात पाणी शिरताना कधी जमिनीतून गुडगुड ऐकू येते, बारीक कंप जाणवतो, ते दख्खनमध्ये बऱ्याच गावांनी अनुभवलं आहे. त्याची तारीख, वेळ आणि त्या दिवशीचं विहिरीचं पाणी वहीत लिहून ठेवा. के. के. रेंजचा बार असेल तर तोही लिहा, म्हणजे नंतर वगळता येईल. तलाव फोडू नका. (हशा)

प्रश्न (एक शिक्षिका): आमच्या शाळेची जुनी खोली दगडमातीची आहे. नवीन बांधायला पैसे मिळेपर्यंत काय करता येईल?

उत्तर: ताई, पहिलं म्हणजे छतावर मातीचे थर असतील तर उन्हाळ्यात उतरवून घ्या, ताडपत्री-पत्रा करा. वजन कमी झालं की जोर कमी होतो, हे सर्वांत स्वस्त. दुसरं, भिंतीत ठरावीक अंतरावर भोकं पाडून लोखंडी सळई घालून काँक्रीट भरतात, म्हणजे आतली आणि बाहेरची पाळ बांधली जाते. किल्लारीनंतर मराठवाड्यात हे काम गवंड्यांना शिकवलं गेलं. तिसरं, दारं-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना फिरणारा एक पट्टा. हे तिन्ही इंजिनिअरला दाखवून करा, आपल्या मनाने नको, चुकीच्या जागी भोक पाडलं तर भिंत आजच येईल. आणि तोपर्यंत वर्गातल्या बाकांची मांडणी बदला. मुलं भिंतीला पाठ लावून बसतात ना, त्यांना खोलीच्या मध्याकडे घ्या, दोन्ही दारं आतून कडी न लावता उघडी ठेवा. हे सोमवारी करता येईल.